बंद वहीतला महामार्ग : रॉबर्ट मोझेस यांचे आयुष्य

४ डिसेंबर १९५२ या तारखेचे एक पत्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ईस्ट ट्रेमाँट या वस्तीत घरोघरी पोचले. कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणारे कामगार, छोटे दुकानदार, निवृत्त झालेली वृद्ध माणसे असा हा शेजार होता. युरोपातून पोळून आलेल्या ज्यू कुटुंबांनी काटकसरीने उभे केलेले संसार तेथे होते. पत्रात मजकूर थोडाच होता. या वस्तीतून क्रॉस ब्राँक्स द्रुतगती मार्ग जाणार असून त्यासाठी घरे नव्वद दिवसांत रिकामी करावीत, असा त्याचा आशय होता. रस्त्याविषयीची कुजबुज काही वर्षे कानांवर येत होती. पण तो आपल्याच उंबऱ्यावरून जाईल, असे कोणाला वाटले नव्हते. आता मार्ग आखून झाला होता, नकाशा मंजूर होता आणि खर्चाची तजवीजही झाली होती. रहिवाशांना कळवण्याचे काम तेवढे शेवटी उरले होते. पत्राखाली सही होती शहराचे बांधकाम समन्वयक रॉबर्ट मोझेस यांची.

या सहीचा धनी जनतेच्या मतांनी कधीही कोणत्या पदावर निवडून आलेला नव्हता. तरीही १९२४ ते १९६८ या चव्वेचाळीस वर्षांत न्यूयॉर्क शहराचा आणि भोवतालच्या प्रदेशाचा चेहरा जेवढा या एका माणसाने बदलला, तेवढा कोणत्याही महापौराने किंवा गव्हर्नराने बदलला नाही. पूल, बोगदे, समुद्रकिनारे, उद्याने, खेळाची मैदाने आणि शेकडो मैलांचे रस्ते त्यांनी उभे केले. या कामांवर झालेला एकूण खर्च १९६८च्या किमतींनुसार सुमारे २७ अब्ज डॉलर होता, असे त्यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी नोंदवले आहे. एवढा पैसा लोकशाही राज्यात एका अनिर्वाचित माणसाच्या हाती कसा आला आणि त्याचा हिशेब लोकांपासून इतकी वर्षे दूर कसा राहिला, याची गोष्ट म्हणजेच मोझेस यांचे आयुष्य.

रॉबर्ट मोझेस यांचा जन्म १८ डिसेंबर १८८८ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी झाला. घराणे जर्मन ज्यू, सधन आणि शिक्षणाची चाड असलेले. ते लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आले. येल विद्यापीठातून १९०९मध्ये पदवी घेतल्यावर ते ऑक्सफर्डला गेले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ब्रिटनची प्रशासकीय सेवा. नोकरी वशिल्याने मिळू नये, गुणवत्तेने मिळावी आणि राज्यकारभार जाणत्या, प्रामाणिक माणसांच्या हाती असावा, ही त्या वेळी त्यांची श्रद्धा होती.

ही श्रद्धा घेऊन ते शहराच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या ब्यूरो ऑफ म्युनिसिपल रिसर्च या संस्थेत दाखल झाले. सुधारणावादी महापौर जॉन पुरॉय मिचेल यांच्या काळात त्यांनी हजारो महापालिका कर्मचाऱ्यांच्या कामाचे गुणांकन करण्याची योजना आखली. प्रत्येक पदाचे कर्तव्य काय, ते किती पार पडले आणि त्यावरून बढती किती, हे सारे कागदावर आणि उघडपणे ठरणार होते. वशिल्यावर पोसलेल्या टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेला ते परवडणारे नव्हते. १९१७च्या निवडणुकीत मिचेल हरले, नवे महापौर आले आणि ही योजना कचऱ्याच्या टोपलीत गेली. तिशीला टेकलेला हा विद्वान तरुण बेकार झाला. योजना उत्तम असली तरी सत्तेशिवाय ती कागदच राहते, हा धडा त्यांनी या पराभवातून घेतला. त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याची दिशा या धड्याने ठरवली.

त्यांना पुन्हा उभे केले बेल मॉस्कोविट्झ यांनी. गव्हर्नर अल स्मिथ यांच्या त्या विश्वासू सल्लागार होत्या. त्यांच्यामुळे मोझेस स्मिथ यांच्या वर्तुळात आले. मासळीबाजारात काम करून वर आलेले, शाळा अर्धवट सोडलेले स्मिथ आणि तीन नामांकित विद्यापीठांतून शिकलेले मोझेस यांची जोडी पाहणाऱ्याला विजोड वाटे. पण दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. स्मिथ यांच्याकडून मोझेस एक विद्या शिकले, ती म्हणजे विधेयक लिहिण्याची. कोणता शब्द कोठे ठेवला म्हणजे त्याचा अर्थ किती दूर पोचतो, कोणते कलम कोणत्या जुन्या कायद्याला जोडले म्हणजे नव्या पदाला किती अधिकार मिळतात, हे ते इतके जाणू लागले की आल्बनीच्या विधिमंडळात त्यांच्याइतका कुशल मसुदाकार दुसरा नाही, अशी त्यांची ख्याती झाली.

या विद्येचा पहिला मोठा प्रयोग १९२४मध्ये झाला. लाँग आयलंडवर सार्वजनिक उद्याने व्हावीत यासाठी एक आयोग नेमणारे विधेयक मोझेस यांनी लिहिले. अधिवेशनाच्या अखेरीस फारशी चर्चा न होता ते मंजूर झाले आणि मोझेस त्या आयोगाचे अध्यक्ष झाले. विधेयकात जमीन ताब्यात घेण्यासंबंधी एक साधासा शब्द होता आणि त्याला एका जुन्या कायद्यातील कलमाचा आधार दिलेला होता. मूळ कलम एकोणिसाव्या शतकातील जंगलजमिनींसाठी केलेले होते. त्या कलमानुसार सरकारी अधिकाऱ्याने जमिनीवर जाऊन ती सरकारजमा झाल्याचे सांगितले की ती सरकारची होई; वाद आणि मोबदला नंतर. विधेयकावर हात वर करणाऱ्या सदस्यांना हा अर्थ ठाऊक नव्हता. जमीनमालक न्यायालयात गेले, तेव्हा कोठे तो सर्वांच्या ध्यानात आला.

त्याच काळातील नॉर्दर्न स्टेट पार्कवेची कथा याहून बोलकी आहे. हा रस्ता धनिकांच्या प्रशस्त इस्टेटींमधून जायचा होता. या मालकांचा विधिमंडळात दबदबा होता आणि सर्वेक्षणासाठी पैसा मिळेना. तेव्हा बँकर ऑटो कान यांनी त्यासाठी १०,००० डॉलर देऊ केले. कान यांच्या खाजगी गोल्फ मैदानावरून जाणारी रस्त्याची रेषा पुढे बाजूला सरकली. इतर बड्या मालकांशीही तडजोडी झाल्या आणि रस्त्याने वळण घेतले. ज्या साध्या शेतकऱ्यांकडे ना वकील होते ना ओळखीचे आमदार, त्यांच्या जमिनी मधोमध चिरल्या गेल्या. रस्ता थोडा अलीकडे-पलीकडे करता येईल का, असे विचारणाऱ्या शेतकऱ्यांना आखणी तंत्रज्ञांनी केली असून ती बदलणे शक्य नाही, असे उत्तर मिळाले. ती आधी कोणासाठी बदलली गेली होती, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

लोकांपुढे मात्र मोझेस यांची वेगळी प्रतिमा उभी राहत होती आणि ती खोटीही नव्हती. ऑगस्ट १९२९मध्ये जोन्स बीच खुला झाला. स्वच्छ वाळू, देखणी स्नानगृहे, नीटनेटके पदपथ आणि सामान्यांना परवडणारे शुल्क. शहराच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांना असा समुद्र पूर्वी कोणी दिला नव्हता. वृत्तपत्रांनी मोझेस यांना डोक्यावर घेतले. हा माणूस राजकारणी नाही, पगाराचा लोभी नाही, काम करून दाखवतो, अशी त्यांची कीर्ती झाली. त्यांनी स्वतःच्या खिशात पैसा घातल्याचा आरोप त्यांच्या कडव्या टीकाकारांनीही केला नाही. याच कीर्तीमुळे पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या आकड्यांची तपासणी करण्याची गरज कोणाला भासली नाही.

आकड्यांविषयी त्यांची एक ठरलेली रीत होती. प्रकल्पाचा खर्च सुरुवातीला मुद्दाम कमी सांगायचा. थोडी रक्कम पदरात पडली की ताबडतोब काम सुरू करायचे, पाया खणायचा, खांब उभारायचे. मग पैसा संपला म्हणून अर्धवट पूल किंवा उघडा खड्डा तसाच ठेवण्याची हिंमत कोणत्याही आमदाराला होत नसे. उलट, आधीचा खर्च वाया का घालवला, या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा उरलेली रक्कम मंजूर करणे त्यांना सोपे जाई. खरा आकडा जगापुढे येई, तोवर त्यावर मत देण्याची वेळ निघून गेलेली असे.

१९३४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन परस्परविरोधी कौल घेऊन आले. रिपब्लिकन पक्षातर्फे ते गव्हर्नरपदाची निवडणूक लढले आणि हर्बर्ट लेहमन यांच्याकडून सुमारे आठ लाख मतांनी पराभूत झाले. मतदारांसमोर जाण्याचा हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रसंग. त्याच वर्षी महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी त्यांना शहराच्या उद्यानांचे आयुक्त केले आणि ट्रायबरो पूल प्राधिकरणावरही नेमले. एकाच माणसाला राज्याची आणि शहराची पदे एकाच वेळी भूषवता यावीत, यासाठीचा कायदा स्वतः मोझेस यांनीच लिहून दिला होता.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आणि मोझेस यांचे जुने वैर होते. पुलासाठी केंद्राचा पैसा येत होता, त्याचा आधार घेऊन मोझेस यांना घालवण्याचा डाव टाकला गेला. दुसरे सार्वजनिक पद असलेला सदस्य प्राधिकरणावर असेल तर निधी मिळणार नाही, असा १२९ क्रमांकाचा आदेश केंद्रीय मंत्री हॅरॉल्ड इकीज यांच्या खात्याने १९३४च्या अखेरीस गुपचूप काढला. नियम सर्वांसाठी असल्याचा आव होता, पण त्याचा रोख एकाच माणसावर होता. मोझेस यांनी हा आदेश वृत्तपत्रांपुढे ठेवला. एवढा गदारोळ उठला की वॉशिंग्टनला माघार घ्यावी लागली. बंद खोलीत झालेला निर्णय उजेडात आणला की बलाढ्य सत्ताही नमते, हे त्यांनी या प्रसंगी स्वतः अनुभवले. आपले कागद असे उजेडात येऊ नयेत, याची काळजी ते पुढे आयुष्यभर घेत राहिले.

मॅनहॅटन, क्वीन्स आणि ब्राँक्स यांना जोडणारा ट्रायबरो पूल ११ जुलै १९३६ रोजी खुला झाला. टोल होता पंचवीस सेंट. मोटारींची संख्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली आणि नाक्यावर नाण्यांचा ओघ सुरू झाला. या ओघातून एक पेच उभा राहिला. प्राधिकरण ही तात्पुरती व्यवस्था होती. रोखे विकून कर्ज उभारायचे, पूल बांधायचा, टोलमधून कर्ज फेडायचे आणि मग पूल शहराच्या स्वाधीन करून प्राधिकरण विसर्जित व्हायचे, अशी मूळ कल्पना होती. नाणी अशीच येत राहिली असती, तर कर्ज लवकर फिटले असते आणि मोझेस यांची सत्ताही संपली असती.

यावर त्यांनी शोधलेला तोडगा पुन्हा एकदा कायद्याच्या मसुद्यात होता. १९३७च्या सुमारास प्राधिकरणाच्या कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी जुने रोखे फेडण्यासाठी नवे रोखे काढण्याची मुभा दिली. म्हणजे कर्ज कधी पूर्ण फिटण्याचे कारणच उरले नाही आणि प्राधिकरणाला जणू अमरपट्टा मिळाला. प्राधिकरणाचे अधिकार, टोलवरील हक्क आणि नवे प्रकल्प हाती घेण्याची सत्ता रोख्यांच्या करारांत उतरवण्यात आली. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमानुसार करारातील बंधने मोडणारा कायदा राज्याला करता येत नाही. रोखेधारकांशी झालेला करार असल्यामुळे महापौराला, विधिमंडळाला किंवा गव्हर्नराला त्यात बोट घालणे दुरापास्त झाले. ला गार्डिया यांनी प्राधिकरणावर हुकूम चालवू पाहिला, तेव्हा मोझेस यांनी त्यांना रोख्यांचे करार वाचून पाहण्यास सुचवले, असे कॅरो यांनी लिहिले आहे. वाचल्यावर महापौरांना कळले की आपल्याच शहरात एक स्वतंत्र संस्थान उभे राहिले आहे.

या संस्थानाला स्वतःची वसुली होती, स्वतःचे गणवेशधारी रक्षक होते, स्वतःची निशाणी होती. राजधानी होती रँडल्स बेटावर, पुलाच्या टोलनाक्याशेजारी. आणि त्याच्या वह्या बंद होत्या. शहराच्या इतर खात्यांचे कागद नागरिकाला किंवा वार्ताहराला मागून पाहता येत. प्राधिकरण मात्र आपले दफ्तर एखाद्या खाजगी कंपनीचे असल्याप्रमाणे जपत असे. गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रांसह वार्षिक अहवाल निघत आणि उदारपणे वाटले जात. पण कोणत्या विमा दलालाला किती हप्ता गेला, कोणत्या वकिलाला किती शुल्क मिळाले, कोणत्या बँकेत बिनव्याजी ठेवी किती होत्या आणि प्रसिद्धीच्या कामाचे पैसे कोणी घेतले, हे अहवालात दिसत नसे. या रकमा राजकारण्यांच्या सग्यासोयऱ्यांपर्यंत आणि मित्रांपर्यंत पोचत होत्या. कंत्राटदार, कामगार संघटना आणि बँका यांचे हितसंबंध त्यात गुंतले. मोझेस यांच्या प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या मंडळींपैकी कितीजण त्या प्रकल्पाशी असे बांधलेले होते, हे सांगण्याचे साधन जनतेपाशी नव्हते. वशिलेबाजी संपवण्यासाठी सार्वजनिक जीवनात आलेल्या माणसाने टॅमनी हॉलला हेवा वाटावा अशी यंत्रणा उभी केली. फरक इतकाच, की ती कायद्याच्या चौकटीत होती आणि दिसत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे युग आले, तेव्हा मोझेस पूर्ण सज्ज होते. १९४६मध्ये ते शहराचे बांधकाम समन्वयक झाले आणि त्यामुळे राज्याच्या व केंद्राच्या निधीसाठी शहरातर्फे बोलणी करणारा माणूस एकच उरला. महापौरांना हवा तो प्रकल्प कागदावर मांडता येई, पण त्याचे आराखडे, अंदाजपत्रक आणि निधीची सोय मोझेस यांच्या कपाटात तयार असे. १ जानेवारी १९५४ रोजी नवे महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी मोझेस यांना दोन पदांची शपथ दिली आणि नियोजन आयोगावरील तिसऱ्या नेमणुकीचा कागद पुढे केला नाही. मोझेस त्यांच्या खोलीत गेले. राजीनाम्याची धमकी हे त्यांचे जुने अस्त्र होते. वॅग्नर यांनी कारकुनाची चूक झाली असावी, अशी सारवासारव केली. मोझेस शेजारच्या खोलीत गेले, नेमणुकीचा कोरा कागद शोधला, स्वतःच्या हाताने भरला आणि महापौरांपुढे ठेवला. वॅग्नर यांनी सही केली. नियोजन आयोगाचे काम शहरातील प्रकल्पांवर तटस्थपणे विचार करण्याचे. आणि त्यावर बसणारे गृहस्थ त्या प्रकल्पांचे कर्तेधर्ते होते.

याच वॅग्नर यांच्याकडे ईस्ट ट्रेमाँटच्या रहिवाशांनी आशेने पाहिले होते. पत्र आल्यावर ही माणसे हातपाय गाळून बसली नाहीत. एका गृहिणीच्या पुढाकाराने त्यांनी संघटना उभी केली, वर्गणी काढली आणि अभियंत्यांकडून पर्यायी मार्ग आखून घेतला. मोझेस यांच्या रेषेत एक मैलाच्या पट्ट्यात ५४ मोठ्या निवासी इमारती आणि १,५३० कुटुंबे येत होती. दोन गल्ल्या दक्षिणेला, क्रोटोना पार्कच्या कडेने रस्ता नेला असता, तर फक्त सहा लहान इमारती पाडाव्या लागल्या असत्या. रस्ता उलट अधिक सरळ झाला असता. महापौरपदाच्या प्रचारात वॅग्नर यांनी रहिवाशांची बाजू घेण्याचे आश्वासन दिले.

निवडणूक झाली आणि वारे फिरले. मार्ग बदलला तर निधीच हातचा जाईल, असे शहराच्या कारभाऱ्यांना बजावण्यात आले. पर्यायी मार्ग महाग पडेल असे सांगितले गेले. पण हा हिशेब ज्या कागदांवर मांडला होता ते रहिवाशांना समोरासमोर तपासता आले नाहीत. शहराच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या बोर्ड ऑफ एस्टिमेटपुढे सुनावण्या झाल्या. कामाचा दिवस बुडवून स्त्रिया आणि वृद्ध बसगाड्या करून तेथे गेले, तासन् तास बसले, बोलले. निर्णय मात्र सभागृहाबाहेर कधीच होऊन गेला होता. मंडळाने मोझेस यांच्या मार्गावर शिक्कामोर्तब केले. दोन गल्ल्यांचे हे अंतर मोझेस यांनी का मान्य केले नाही? पर्यायी मार्गात एका बस कंपनीचा डेपो येत होता, असे कॅरो यांना दिसले. पण तेच कारण होते, हे तेही सिद्ध करू शकले नाहीत. ज्या दफ्तरात उत्तर असेल ते दफ्तर बंद होते आणि मोझेस यांनी आपले कारण कधी सांगितले नाही.

त्यानंतरचा काळ रहिवाशांच्या दृष्टीने मोठा क्रूर ठरला. इमारती एकेक करून पाडल्या जाऊ लागल्या. शेजारचे घर पडलेले, वरचा मजला मोडलेला आणि खाली कुटुंब राहते आहे, अशा अवस्थेत दिवस काढावे लागले. धूळ, सुरुंगांचे हादरे आणि चोऱ्या यांना कंटाळून रस्त्याच्या बाहेरची कुटुंबेही निघून गेली. सुमारे सात मैलांचा हा मार्ग दाट वस्तीतून, भुयारी रेल्वे आणि शेकडो नळ-गटारांचे जाळे न तोडता काढणे हा स्थापत्यशास्त्राचा पराक्रम होता, यात शंका नाही. १९४८मध्ये सुरू झालेले मुख्य काम १९६३मध्ये संपले. ईस्ट ट्रेमाँट त्याआधीच संपले होते. महामार्गांसाठी मोझेस यांनी घराबाहेर काढलेल्या माणसांची संख्या कॅरो यांनी अडीच लाखांच्या घरात धरली आहे.

या कारभाराला पहिला धक्का बसला तो एका विसरलेल्या नकाशामुळे. एप्रिल १९५६मध्ये सेंट्रल पार्कमध्ये मोजणीचे काम करणारी माणसे जेवायला गेली आणि त्यांचा नकाशा तेथेच राहिला. मुलांना खेळवायला आलेल्या एका आईच्या तो दृष्टीस पडला. टॅव्हर्न ऑन द ग्रीन या उपाहारगृहासाठी तेथे मोटारी उभ्या करण्याची जागा होणार होती आणि मुलांची हिरवळ जाणार होती. काम तसे क्षुल्लक होते. अर्ध्या एकराएवढ्या जागेचे. मोझेस यांनी नेहमीप्रमाणे कोणाला विचारले नाही, रात्रीतून कुंपण घातले आणि यंत्रे आणली. पण या वेळी समोर होत्या सुस्थितीतल्या, लिहित्या-बोलत्या घरांतल्या आया. बाबागाड्या घेऊन बुलडोझरपुढे उभ्या राहिलेल्या स्त्रियांची छायाचित्रे शहरभर छापून आली. प्रकरण न्यायालयात गेले आणि मोझेस यांना माघार घ्यावी लागली. ब्राँक्समधील दीड हजार कुटुंबांना जे जमले नाही, ते या मूठभर मातांना जमले, याचे एक कारण त्यांची सामाजिक वट हे होते. दुसरे असे, की त्यांना योजना काम सुरू होण्यापूर्वी कळली होती.

त्यानंतर वार्ताहरांचे डोळे उघडले. झोपडपट्टी निर्मूलनाच्या नावाखाली विकासकांना स्वस्तात मिळालेल्या इमारती न पाडता त्यांतून भाडे उकळले जात असल्याचे १९५४च्या सिनेट चौकशीत निघाले होतेच. आता वृत्तपत्रांनी तो धागा नेटाने पकडला. वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानातून रस्ता नेण्याची मोझेस यांची योजना रहिवाशांनी हाणून पाडली. मॅनहॅटनच्या दक्षिण भागातून सुमारे दोन हजार कुटुंबे आणि आठशे व्यवसाय उठवणारा द्रुतगती मार्ग हे त्यांचे जुने स्वप्न; त्यालाही जेन जेकब्स आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. निर्णय आधी घेऊन सुनावणी नंतर करण्याच्या रीतीवरच जेकब्स यांचा मुख्य आक्षेप होता. १९६८मध्ये अशाच एका सुनावणीत त्या व्यासपीठावर चढल्या, गोंधळात लघुलेखन यंत्राच्या पट्ट्या फाटल्या आणि जेकब्स यांना अटक झाली. पुढच्याच वर्षी तो मार्ग कायमचा रद्द झाला.

तोवर मोझेस यांची सत्ता संपली होती. १९६२मध्ये त्यांनी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्यापुढे राजीनाम्याचे जुने अस्त्र पुन्हा उपसले आणि रॉकफेलर यांनी राजीनामा शांतपणे स्वीकारला. राज्यातील उद्यानांची पदे गेली. ट्रायबरो उरले, कारण त्याला रोख्यांच्या करारांचे कवच होते. शहरातील रेल्वे आणि बससेवा यांना टोलचा पैसा मिळावा म्हणून प्राधिकरण एका नव्या वाहतूक महामंडळात विलीन करण्याचे रॉकफेलर यांनी ठरवले, तेव्हा रोखेधारकांच्या वतीने चेस मॅनहॅटन बँकेने आव्हान दिले. कायद्याच्या दृष्टीने मोझेस यांची बाजू भक्कम होती. पण बँकेचे प्रमुख होते गव्हर्नरांचे बंधू डेव्हिड रॉकफेलर. दोन भावांमध्ये बंद दाराआड समझोता झाला आणि १ मार्च १९६८ रोजी ट्रायबरोचे स्वतंत्र अस्तित्व संपले. नव्या व्यवस्थेत आपल्याला मानाचे स्थान मिळेल, या समजुतीने मोझेस यांनी आधी विलीनीकरणाला पाठिंबाही दिला होता. हाती आले ते केवळ नावापुरते सल्लागारपद. ज्या खोलीत तीस वर्षे शहराचे निर्णय होत आले, त्या खोलीच्या बाहेर ते प्रथमच उभे होते आणि आत काय ठरले हे त्यांना इतरांप्रमाणेच नंतर कळले.

रॉबर्ट कॅरो या तरुण पत्रकाराने त्यांचे चरित्र लिहायला घेतले, तेव्हा प्राधिकरणाच्या कागदपत्रांची दारे त्यांच्यासाठी बंदच होती. मोझेस यांनी काही मुलाखती दिल्या आणि प्रश्न अडचणीचे होताच त्या थांबवल्या. पण मोझेस एकाच वेळी अनेक खुर्च्यांवर बसत असल्यामुळे त्यांच्या पत्रव्यवहाराच्या कार्बन प्रती उद्यान खात्याकडेही जात. हे खाते शहराचे, म्हणून त्याचे दफ्तर सार्वजनिक. हडसन नदीकाठच्या एका बोटतळाखालील कोठारात ते गठ्ठे धूळ खात पडले होते. कॅरो आणि त्यांच्या पत्नी तेथे महिनोन् महिने बसून ते वाचत राहिले. १९७४मध्ये हजाराहून अधिक पानांचा तो ग्रंथ आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. मोझेस यांनी तेवीस पानांचे खंडन प्रसिद्ध केले; पण आकडे आणि पत्रे आता लोकांच्या हाती होती.

२९ जुलै १९८१ रोजी, वयाच्या ब्याण्णव्या वर्षी मोझेस यांचे निधन झाले. मोटारींसाठी एवढे रस्ते बांधणाऱ्या या माणसाला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. आयुष्यभर ते चालकाच्या मागे बसून, काम करत, आपल्या रस्त्यांवरून फिरले. २००७मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या प्रदर्शनांच्या निमित्ताने काही अभ्यासकांनी त्यांच्या कार्याचा नव्याने आढावा घेतला. त्यांनी केले नसते तर आज हे शहर चालले असते का, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि तो रास्त आहे. पूल आजही लाखो माणसांना वाहून नेतात, जोन्स बीचवर आजही उन्हाळ्यात गर्दी होते आणि बांधलेल्या सहाशे अठ्ठावन्न मैदानांतील कितीतरी मैदानांवर मुले खेळतात.

क्रॉस ब्राँक्सच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद तोकडा पडतो. रस्ता हवा होता, हे ईस्ट ट्रेमाँटच्या रहिवाशांनाही मान्य होते. त्यांचे म्हणणे दोन गल्ल्यांपुरते होते. हिशेब आणि आराखडे वेळेत उघड झाले असते, तर रस्ताही झाला असता आणि वस्तीही राहिली असती. मोझेस ब्राँक्समधल्याच वुडलॉन दफनभूमीत विसावले आहेत. त्याच ब्राँक्समध्ये, थोड्या दक्षिणेला, तो रस्ता रात्रंदिवस वाहतो. आणि तो तेथूनच का गेला, याचे उत्तर अजून कोणत्याही उघड्या वहीत नाही.